बिनगाठीचा दोर

बस तन्मय. अरे बस ना, उभा काय राहिलास, मी काय पोलीस आहे? ओ भाई, दोन अडधी चहा दे, एकात साखर कमी.

लहरीपुऱ्याच्या बाजारात मला बघून तू गल्लीत वळतोस, ते मला दिसतं बरं का. ड्रायव्हर माणूस आहे मी, आरशात मागचं बघायची सवय आहे. रागावलो नाही. तुला एक गोष्ट सांगायची आहे, म्हणून गाडी आडवी घातली. अर्धी गोष्ट तुझीच आहे. उरलेली अर्धी दसऱ्याला घडली, ती तुला ठाऊक नाही. फक्त मधे बोलू नकोस. मी चौथी नापास माणूस, कोणी मधे बोललं की माझा गिअर सुटतो.

सलील आमच्या वरच्या मजल्यावरचा. गोरव्याला आम्ही राहायला आलो तेव्हा तो एवढासा होता, जिन्याच्या कठड्याच्या बाहेरच्या बाजूनं खाली उतरायचा. आतून पायऱ्या आहेत ना रे बाबा! पण नाही. बाहेरून. माझी बायको खालून ओरडायची, "निरुपमाताई, तुमचं माकड बघा!" आणि निरुपमाताई वरून बघायच्या नि काय म्हणायच्या? "डावा पाय आधी, सलील." बस्स. एवढंच. आई आहे की कोण, असं वाटायचं आम्हाला.

मग कळलं, बाई स्वतः दोरीच्या मल्लखांबावरची. लहानपणी तात्यासाहेबांच्या व्यायामशाळेत होत्या. तू पाहिलायस का कधी तो खेळ? वरून एक सुती दोर सोडलेला असतो, खाली काही नाही. पोरगी पायाच्या अंगठ्यात दोर धरते, मांडीला एक वेढा, पाठीवरून एक वेढा, आणि हात सोडून देते. उलटी लटकते. नुसत्या वेढ्यावर. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा पकडायला म्हणून उठलोच होतो. ताईंचं लग्न झालं आणि सासऱ्यांनी ते बंद करायला लावलं. मिस्टर रिफायनरीत होते, चांगला माणूस, पण बापापुढं बोलला नाही. मग ताईंनी पोरगा चालायला लागल्या लागल्या त्याला दोरावर चढवला. स्वतःचं राहिलेलं त्याच्यात ओतलं, असं मी म्हणायचो. त्या म्हणायच्या, "गोविंदभाऊ, तुम्ही गाडी चालवा."

पुढं सलील मोठा झाला, वाघोडियाला पंपाच्या कारखान्यात लागला, आणि त्याला तुमची ती संगत मिळाली. कडे चढणाऱ्यांची. दर रविवारी पावागड. गाडी माझी. तुम्ही सगळे पाठीमागं दोर नि ती खणखण वाजणारी लोखंडं घेऊन बसायचे, हालोल येईपर्यंत भाकरवडीचा पुडा संपवायचे, आणि चुरा माझ्या सीटवर. तो चुरा अजून निघतो कधीकधी.

मला काय कळायचं नाही, सांगतो तुला. मी आयुष्यभर हायवेवर मरण बघितलंय. ट्रकखाली, बसखाली. ते आपल्या दारी येतं, त्याच्या दारी जायचं कशाला? एकदा मी सलीलला विचारलं होतं. तुम्ही बाकीचे डबे धूत होता, तो माझ्याजवळ बोनेटवर बसला होता. हात सोलवटलेले, तोंडावर माती, आणि खूश असा, जसा काही पोरगा झालाय. मी म्हटलं, "काय रे गाढवा, कशाला मरायला जातोस वर?"

तो म्हणाला, "मरायला कोण जातंय, काका? कारखान्यात मी एक दिवस गेलो नाही तर माझ्या जागी दुसरा बसतो. चालतं त्यांचं. वर कड्यावर माझ्या हाताच्या जागी दुसऱ्याचा हात चालत नाही. तिथं मी लागतो."

"घरी नाही लागत?"

"घरी आई आहे ना. आईला मी लागतो, पण तिला मी जपून ठेवलेला लागतो. वापरायला नाही."

मला ते नीट समजलं नाही तेव्हा. आता थोडं समजतं. शोकेसमधला कप असतो ना, पाहुण्यांसाठीचा. त्याला पण कधीतरी वाटत असेल, माझ्यात गरम चहा ओता, मग फुटलो तर फुटलो.

पी तू, निवतोय.

आता तो रविवार. मला सांगायलाच पाहिजे, कारण मी खालून जे बघितलं ते तू वरून बघितलं नाहीस.

महिनाभर आधी त्याचं लग्न मोडलं होतं. मुलीकडच्यांनी सांगितलं, हे डोंगर बंद करा मग तारीख काढू. मुलगी पण तेच म्हणाली. त्यानं नाही म्हटलं. घरी ताईंशी काय बोलला ठाऊक नाही, पण सोसायटीत सगळ्यांना कळलं. कळतंच. त्या सकाळी गाडीत तो गप्प होता. मी लपवणार नाही हे. भाकरवडीचा पुडा पुढं केला तर म्हणाला, नको काका. मी म्हटलं, नवरदेवा, उपास करतोस काय? मग माझीच जीभ चावली मी.

तुम्ही वर गेलात. मी झाडाखाली गाडी लावून आडवा झालो. दुपार कलली तेव्हा तुझी आरोळी ऐकू आली. नुसता आवाज, शब्द नाही. मी धावलो. या वयात, या पोटानं. पुढचं तुला माहीत आहे, आपण दोघांनी मिळून त्याला आणलं. ते नाही सांगत.

पोलीस आले. तो जाडा जमादार तुला विचारत होता, मी तुझ्या मागं उभा होतो. म्हणाला, दोराच्या टोकाला गाठ नसते मारत का तुम्ही लोक? तू म्हणालास, मारतात. उतरताना दोर कमी पडला तर माणूस त्या गाठीशी अडकतो, खाली पडत नाही. मी स्वतः मारली होती, असंही म्हणालास. "तो पछी छोडी कोणे?" मग सोडली कुणी, असं त्यानं विचारलं. आणि तू म्हणालास, "एणे पोतेज." त्यानं स्वतःच. मी पाहिलं, म्हणालास, त्यानं दोर हातात घेतला, गाठ सोडली, दोर खाली फेकला आणि उतरायला लागला.

ऐक, ऐक. तू खरं बोललास. मी तुला दोष देत नाही. तू विशीतलं पोरगं, तो तुमच्यात सगळ्यात तयार. त्यानं सोडली तर काही कारणानंच सोडली असेल, असं तुला वाटलं. मलाही वाटलं असतं. नेहमी मधल्या कपारीशी थांबता, दोर तिथवरच पुरतो; त्या दिवशी तो कपारीच्या बगलेनं खाली गेला, आणि दोर संपला.

पण तुझा तो एक शब्द आमच्या सोसायटीत तुझ्याआधी पोचला. पोतेज. दहाव्या-बाराव्याला जेवायला आलेले लोक जिन्यात उभे राहून बोलतात तसं. आमचे विश्वासराव, कलेक्टर कचेरीतून निवृत्त झालेले, मनाचे वाईट नाहीत, ते म्हणाले, "इतकी वर्षं चढणारा माणूस. गाठ विसरणं वेगळं आणि मारलेली गाठ सोडणं वेगळं." कुणी म्हणालं, लग्न मोडल्याचं मनाला लावून घेतलं. कुणी म्हणालं, ही अशी डोंगराला जाणारी पोरं आतून तीच असतात, जीव नकोसा झालेली, फक्त खेळ म्हणून सांगतात. त्यांना काय, बोलून हात धुतले, बासुंदी प्यायले, गेले.

ताई दाराआड उभ्या होत्या. सगळं ऐकलं.

त्यानंतर बाई बोलायच्या बंद झाल्या. रडल्या पण नाहीत रे. रडल्या असत्या तर बरं झालं असतं. माझी बायको रोज ताट घेऊन वर जायची, अर्धं परत यायचं. एक दिवस मी गेलो, म्हटलं, ताई, दवाखान्यात नेऊ का, थोडी तब्येत दाखवून घेऊ. तर म्हणाल्या, "गोविंदभाऊ, तुम्ही त्या दिवशी गाडी चालवत होतात. मला एकच सांगा. त्याला जगायचं होतं का नव्हतं?"

मी काय सांगणार? म्हटलं, होतं ताई. होतं म्हणजे काय, शंभर टक्के.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

गाडीतला तो गप्प चेहरा माझ्या डोळ्यांपुढं आला आणि माझं तोंड बंद झालं. त्यांनी ते बघितलं. आई आहे ती, तिला काय दाखवायला लागतं?

मग जो येईल त्याला तोच प्रश्न. दूधवाल्याला विचारलं, "तुम्ही त्याला रोज बघायचात, तो दुःखी दिसायचा का?" दूधवाला बिचारा घाबरून पिशवी ठेवून पळाला. लग्न मोडलेल्या त्या मुलीलाही फोन लावला त्यांनी. तिकडून नुसतं रडणं ऐकू आलं म्हणाल्या, उत्तर नाही. बाईला पोरगा गेल्याचं दुःख करायलाच मिळत नव्हतं, कळतंय का तुला? तो गेला म्हणून रडायचं, की तो आपल्याला सोडून गेला म्हणून, हेच ठरत नव्हतं. त्यामुळं दोन्ही अडकलं.

आता दसरा. ही तुझी नसलेली अर्धी.

तात्यासाहेबांच्या व्यायामशाळेत दसऱ्याला सकाळी पूजा असते. जोर मारायच्या फळ्या, मुद्गल, मल्लखांबाचा खांब, सगळ्यांना हळदकुंकू. आणि दोर असेल तर त्याची पूजा जुन्या पोरींनी करायची, हा तिथला रिवाज. तात्यासाहेब स्वतः आले बोलवायला. माणूस पार वाकलाय, पण आवाज तोच. जिना चढून दारात उभे राहिले आणि म्हणाले, "निरू, यंदा दोर नवा आणलाय. तू नाही आलीस तर मी तो माळ्यावर टाकीन." ताई नाही म्हणाल्या. तात्यासाहेब पायरीवर बसले. "मी इथंच बसतो. म्हातारा आहे, इथंच मेलो तर तुझ्या दारात मेलो." हट्टी म्हातारा! शेवटी मीच गाडी काढली.

मी मागोमाग आत यायला लागलो तर व्यायामशाळेच्या फाटकात तात्यासाहेब म्हणतात, "गोविंदा, पोट बाहेर ठेव, माणूस आत ये." असली जीभ. ताईंच्या ओठाला तेवढं पहिल्यांदा हसू आलं, मी पाहिलं.

आत पटांगणात पोरीबाळी बसलेल्या. तुळईवरून नवा कोरा पांढरा दोर सोडलेला. दुकानातून आला तसाच टांगला होता, म्हणून खालच्या टोकाला एक गाठ होती, पीळ उसवू नये म्हणून दुकानदार मारतात तशी. ताई ताट घेऊन पुढं गेल्या. दोराला हळद लावली, कुंकू लावलं. डाव्या हातात दोर धरलेला आणि मान वळवून तात्यासाहेबांशी बोलत होत्या. काय बोलत होत्या? कोणीतरी त्यांच्या वेळची मुलगी, तिला नातू झाला, असलं काहीतरी. माझं तिकडं लक्ष नव्हतं. मी त्यांच्या हाताकडं बघत होतो.

त्यांचा उजवा हात खाली गेला. त्या बघत नव्हत्या, बरं का. बोलतायत तात्यासाहेबांशी, आणि बोटं खाली त्या गाठीत शिरली, अंगठ्यानं पीळ ढकलला, गाठ सुटली, टोक झटकलं, दोर सोडून दिला. केस मागं सारावेत तसं.

मी म्हटलं, "ताई."

काय झालं म्हणाल्या.

"तुम्ही आत्ता काय केलंत?"

"कुठं काय? पूजा केली."

माझ्या आवाजात काहीतरी असणार, तात्यासाहेब पण बघायला लागले. मी म्हटलं, तात्यासाहेब, या दोराला गाठ होती. ती कुठं गेली?

म्हातारा म्हणाला, "गाठ? आमच्याकडं दोराला गाठ ठेवत नाहीत. गाठ पायाच्या बोटाला खाते, कातडी सोलते. माझ्या वडिलांच्या वेळी एक पोरगी गाठीला अडकून पडली. तेव्हापासून नियम आहे, ज्याच्या हाताला दोरात गाठ लागेल त्यानं ती तिथल्या तिथं सोडायची. विचारायचं नाही. न सोडता पुढं गेला तर बैठका. टोकाला नंतर सुताचा वेढा घालतो आम्ही." आणि सवयीनं पुढं म्हणाला, "ज्याचा दोरावर भरवसा नाही तोच गाठ मारतो."

बोलून गेला आणि मग त्याचं त्यालाच कळलं तो काय बोलला ते.

ताई आपल्या हाताकडं बघत होत्या. बोटाला हळद. दोराकडं बघितलं, परत हाताकडं बघितलं. "मी सोडली?" म्हणाल्या.

"हो ताई. तुम्हीच."

"मला कळलंच नाही, गोविंदभाऊ."

"मला दिसलं ना ताई. तुम्ही बघतही नव्हतात."

मग बाई तिथंच मातीत बसल्या. ताट कलंडलं. पोरी धावल्या, तात्यासाहेबांनी त्यांना हातानं थांबवलं. आणि ताई रडल्या. इतक्या महिन्यांनी. असं रडणं मी बघितलेलं नाही, पोटातून, गुरासारखं. मी बाजूला उकिडवा बसून राहिलो. मला एकच भीती वाटत होती. मी मूर्खासारखं बोट दाखवून बसलो, पण आता बाईंना दुसरं पण दिसणार. सलीलला दोर कुणी शिकवला? ही सवय त्याच्या बोटात कुणी घातली? टपल्या मारून मारून, "गाठ दिसली की सोड, सलील," असं कोण म्हणायचं? जिन्यातून मीच ऐकलंय की ते.

त्यांनीच बोलून दाखवलं. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "माझाच हात होता तो."

तात्यासाहेब म्हणाले, "माझा, निरू. नियम माझा."

"नाही तात्या. माझा." आणि मग माझ्याकडं वळून काय म्हणाल्या ठाऊक आहे? "असू दे. माझ्या हातानं गेला असेल तर गेला. ते मी घेईन. पण म्हणजे त्याला जायचं नव्हतं ना, भाऊ? तो उतरून घरी यायला निघाला होता ना?"

तन्मय, मी पुष्कळ माणसं बघितलीत. आपल्या हातावर पोराचं मरण हसत घेणारी आई नव्हती बघितली. हसत म्हणजे, हसू नव्हतं ते, पण तेच होतं. मला वाटलं, सुटल्या ताई. त्या दिवशी घरी जाऊन जेवल्या. माझ्या बायकोनं ताट रिकामं आणलं आणि स्वयंपाकघरात जाऊन ती पण रडली.

इथं गोष्ट संपली असती तर मी तुला गाडी आडवी घालून पकडलं नसतं.

चार दिवस बरे गेले. मग परवा सकाळी मी गाडी पुसत होतो, ताई खाली आल्या. अंगावर शाल. म्हणाल्या, "गोविंदभाऊ, हे मी माझ्या सोयीचं म्हणून तर धरत नाही ना?"

म्हटलं, काय ताई?

"माझा हात आपोआप गेला, म्हणून त्याचाही गेला, असं मी म्हणते. पण मी नव्हते तिथं. मी बोलता बोलता सोडली, बघितलं नाही. त्यानं बघून सोडली असेल तर? गाठीकडं बघून, विचार करून?" मग म्हणाल्या, "त्या मुलानं पाहिलंय. एकट्यानं पाहिलंय. तो माझ्याकडं कधी आला नाही."

मी म्हटलं, लाजत असेल, घाबरत असेल, लहान आहे. त्या म्हणाल्या, "माझा पण लहानच होता."

म्हणून मी आलो.

अरे, तोंड उघडू नकोस! थांब. मला नको सांगू. मला कळलं तर माझ्या तोंडावर दिसेल, आणि जिना चढायच्या आत त्या ओळखतील. आधी त्यांनीच ऐकायचं, तुझ्याच तोंडून. आणि बरं वाटावं म्हणून काही रचून सांगू नकोस. शिक्षिका होत्या त्या, खोटं बोलणारं पोरगं त्यांना चपलेच्या आवाजावरून कळतं. नीट आठव. रस्ताभर आठव, मी रेडिओ लावत नाही. तो तेव्हा तुझ्याशी काही बोलत होता का? हसत होता, शिव्या घालत होता, पाणी मागत होता? आणि जे आठवेल ते, गोड असो कडू असो, तसंच सांग. त्यांना सहन होणार नाही ते न कळणं आहे, कळणं नाही.

चहा राहू दे. गाडी तिथं समोर उभी आहे, दार उघडंच आहे. चल माझ्याबरोबर वर, त्या बाईच्या समोर बस, आणि तेवढं एक सांग तिला, बाळा, की तेव्हा तो कुठं बघत होता.